ढगवाल्याची विभक्ती

शब्दवेडी : आयरिश भाषेत ज्योतिष्याला दोन शब्द आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. एक ‘अस्त्रली’. आजच्या कोशात ज्योतिषी शोधलात तर हाच सापडेल. दुसरा जुना, ‘नेलदोर’. पहिल्याच्या पोटात ग्रीक-लॅटिन वळणाचा तारा आहे, दुसऱ्याच्या पोटात ढग. ‘नेल’ म्हणजे ढग आणि पुढे ‘-अदोर’ हा धंदा सांगणारा प्रत्यय. कुंभ राशीला आयरिशमध्ये ‘इश्कदोर’ म्हणतात. ‘इश्के’ म्हणजे पाणी, ज्यातून व्हिस्की आली. इश्कदोर म्हणजे पाणीवाला, आपला पखालजी. त्याच साच्यातला नेलदोर म्हणजे ढगवाला. ताऱ्यांआधी आयर्लंडात भविष्य ढगांत पाहत होते, हे त्या एका शब्दात गोठून राहिलं आहे.

संशयी : शब्दात काही गोठत नसतं हो. गोठलंय असं आपल्याला वाटतं. मराठीतला ‘वाला’ घ्या. दूधवाला दूध विकतो, टांगेवाला टांगा हाकतो, आणि घरवाला घराचं काय करतो ते त्याच्या बायकोला विचारा. प्रत्यय इतकंच सांगतो की या माणसाचा त्या वस्तूशी काहीतरी संबंध आहे. कोणता, ते सांगत नाही. ढगवाला ढग वाचत असेल, ढग आणत असेल, ढग हटवत असेल. किंवा त्याचं बोलणंच ढगासारखं असेल, आकार दिसावा आणि हाती काही लागू नये. तुम्ही शब्दाची फोड केलीत आणि फोड म्हणजेच इतिहास असं धरून चाललात. व्युत्पत्तीवाल्यांचा हा जुनाच आजार आहे. ज्योतिषी पुढचं सांगतो, तुम्ही मागचं सांगता. पडताळणी दोन्हीकडे अवघड.

शब्दवेडी : पडताळणीचं साधन आमच्याकडे आहे. ध्वनिनियम. ‘नेल’ घ्या. लॅटिन ‘नेबुला’, ग्रीक ‘नेफेले’, संस्कृत ‘नभस्’. आपलं ‘नभ’ याच कुटुंबातलं. आयरिशमधला ब कुठे गेला, असं तुम्ही विचारणार. तो ल च्या आधी होता म्हणून गळला आणि गळताना मागचा स्वर लांबवून गेला. ही एकाच शब्दासाठी दिलेली सवलत नाही. गोष्ट या अर्थाचा आयरिश शब्द ‘श्केल’, त्याचा वेल्श भाऊ ‘ख्वेदल’. श्वास म्हणजे ‘अनाल’, वेल्शमध्ये ‘अनादल’. वेल्शमध्ये ल च्या आधीचं व्यंजन टिकलं, आयरिशमध्ये पडलं आणि स्वर ताणला गेला. आपण ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि ‘हत्थ’चा ‘हात’ केला, ‘सप्त’चा ‘सात’ केला, त्यातलाच प्रकार. व्यंजन जातं, जाताना स्वराला काना देऊन जातं.

संशयी : ‘हात’चं उदाहरण मान्य. पण वेल्शमधला ढगाचा सख्खा शब्द तुम्ही शिताफीनं गाळलात. धुक्याला ते ‘निउल’ म्हणतात. तुमच्या नियमानं तिथे व्यंजन दिसायला हवं होतं आणि ते दिसत नाही. मग कोणी म्हणतं, एकानं दुसऱ्याकडून उसना घेतला. कोणी म्हणतं, मूळच वेगळं. म्हणजे श्केल आणि अनाल साक्षीला उभे राहिले, आणि ज्याचा खटला आहे त्याचाच भाऊ फितूर झाला.

शब्दवेडी : फितूर नाही, त्याच्यावर वाद आहे. आणि त्या वादानं आयरिश ‘नेल’ आणि ‘नभ’ यांचं नातं तुटत नाही. बहुतेक अभ्यासक ते मानतात.

संशयी : नातं राहू द्या. मी फक्त सावध करतोय, कारण मराठी कानाला आयरिश भाषा भलती मोहात पाडते. १ नोव्हेंबरच्या त्यांच्या सणाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात ‘साउन’. आपल्यातला कोणीतरी उठेल आणि म्हणेल, हा तर आपला सावन! ‘अस्त्रली’मध्ये त्याला ‘अस्त्र’ ऐकू येईल. त्यांचा त आपल्यासारखा दंत्य आहे, त्यामुळे मोह आणखी वाढतो. अस्त्र हे फेकणं या अर्थाच्या धातूतून आलं, ताऱ्याशी त्याचा संबंध नाही. संबंध असलाच तर आपल्या ‘तारा’ शब्दाचा आहे, आणि तो कानाला चटकन जाणवत नाही. खरं नातं लपलेलं आणि खोटं नातं दारात उभं, हीच या धंद्याची गंमत.

शब्दवेडी : म्हणूनच नियम लागतात, कान पुरत नाही. एवढ्यावर आपलं एकमत आहे. पण ढग पाहून भविष्य सांगण्याची प्रथा मी शब्दातून उकरून काढलेली नाही, तिची कथा आहे. दाही नावाचा राजा साउनच्या आदल्या रात्री स्लायगो भागात एका टेकडीपाशी होता. त्या टेकडीला द्रुइदांची, म्हणजे जुन्या पुरोहितांची, टेकडी म्हणतात. त्यानं आपल्या द्रुइदाला पुढच्या साउनपर्यंतचं भविष्य विचारलं. द्रुइद रात्रभर माथ्यावर थांबला आणि पहाटे खाली येऊन म्हणाला, एरिन आणि अल्बाच्या राजा, झोपला आहेस का? राजा म्हणाला, मी आयर्लंडचा राजा, अल्बाचा म्हणजे स्कॉटलंडचा कधी झालो? द्रुइद म्हणाला, आयर्लंडच्या माणसांवरचे ढग मी पाहिले. तू अल्बा जिंकशील, ब्रिटन जिंकशील, गॉलही जिंकशील. पॅट्रिक जॉइसनं १९०३ मध्ये प्राचीन आयर्लंडच्या सामाजिक इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ही कथा आहे. आणि तो म्हणतो, ‘नेलदोर’ हा शब्द असणं हाच या प्रथेला दुजोरा.

संशयी : वर्तुळ दिसतंय का? शब्दाचा अर्थ ढग वाचणारा कशावरून, तर कथा आहे. कथेतली प्रथा खरी कशावरून, तर शब्द आहे. दोन पंगू माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत आणि जॉइस म्हणतोय, बघा, कशी ताठ उभी आहेत! शिवाय त्या दाहीचं पुढे काय झालं तेही सांगा. आल्प्सच्या पायथ्याशी वीज पडून तो मेला. ढगानं तीन देश दाखवले आणि त्याच्या स्वतःच्या पोटात काय आहे तेवढं दाखवलं नाही. ही रचना बघा ना किती नेटकी आहे! ज्यानं ढगावर भरवसा ठेवला त्याला ढगानंच मारावं. ही सांगणाऱ्याची कारागिरी, हवामानाची नोंद नव्हे.

शब्दवेडी : वीज कारागिरीची असेल. पण ऐकणाऱ्याला द्रुइदानं ढग पाहणं विचित्र वाटलं नाही, म्हणून तर कथा चालली. आणि विचित्र का वाटावं? आपण कुठे तारे आणि ढग वेगळे ठेवले? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भाचा अख्खा अध्याय आहे. ढगाला गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी पाऊस प्रसवतो, हे जाणणं दैवज्ञाच्या कामातच धरलेलं. आजही गावाकडे पाऊस नक्षत्रांनी मोजतात. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं, बेडूक की म्हैस की हत्ती, आणि पेरणीचं ठरवायचं. माझी आजी मृगाच्या दिवशी पंचांग मिटून ओट्यावर यायची आणि पश्चिमेकडे हात कपाळाला लावून उभी राहायची. तिनं त्या क्षणी तारा वाचला की ढग?

संशयी : आजीनं ढग वाचला आणि पंचांगाचा मान राखला. पण मृग तुमचा आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने वाट पाहणं, अशा मुलखाचा. आयर्लंडात पाऊस बारमाही, तिथे ढगाची वाट कोण पाहतो? आता तुम्ही म्हणाल, तारे दिसतच नसतील म्हणून बिचाऱ्यांनी ढगांत भविष्य पाहिलं. ऐकायला छान आहे, पण विनोदाला खुलाशाचा दर्जा द्यायला मी तयार नाही.

शब्दवेडी : मी देणारही नव्हते. मी कागद दाखवणार होते. मध्ययुगातली एक लॅटिन शिकवणारी आयरिश पोथी आहे, लॅटिन नामांची विभक्तिरूपं देणारी, आणि शब्दांचे अर्थ आयरिशमध्ये. व्हिटली स्टोक्सनं ती १८६० मध्ये डब्लिनला छापली. हा स्टोक्स पुढे हिंदुस्थानात आला. पेशानं कायदेपंडित. १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता, आणि मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदा त्याच्याच काळातला. आपल्या वकिलांच्या टेबलावर तो अजून आहे. दिवसा कायद्याचे मसुदे आणि उरलेल्या वेळात जुनं आयरिश. नवव्या-दहाव्या शतकातल्या कॉर्मकच्या नावावरचा आयरिश शब्दकोश इंग्रजी भाषांतरासह १८६८ मध्ये त्यानं छापला, तो कुठे? कलकत्त्यात. तर त्या विभक्तीच्या पोथीत ‘नेलदोर’ आहे. ही कथा नव्हे, वर्गातली वही आहे.

संशयी : कोणत्या लॅटिन शब्दासमोर?

शब्दवेडी : ‘पायरोमॅन्टिकस’.

संशयी : म्हणजे आगीवरून भविष्य सांगणारा! बाई, तुमच्याच साक्षीदारानं ढगाला काडी लावली. ज्या वहीवर तुमची भिस्त, तिच्यात ढगवाला ज्वाळा पाहत बसलाय. म्हणजे ती लिहिणाऱ्यासाठी ‘नेलदोर’चा अर्थ नुसता भविष्य सांगणारा एवढाच उरला होता. ढग केव्हाच विरघळला होता. आपल्या ‘तेल’ शब्दात तीळ आहे, तरी शेंगदाण्याचं तेल म्हणताना कोणाला अडत नाही. ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा, पण खिडकीत उभं राहून बैल कोणी शोधत नाही.

शब्दवेडी : शेंगदाण्याचं तेल म्हणता येतं म्हणून कधीकाळी तिळाचं गाळत नव्हते असं होतं का? उलट! अर्थ सैल व्हायला आधी घट्ट असावा लागतो. ‘तेल’ सैल झालं, पण घाण्यात पहिल्यांदा काय पडलं ते त्याच्यावर लिहिलेलंच आहे. तुमचा युक्तिवाद एवढंच दाखवतो की पोथीच्या काळापर्यंत शब्द जुना झाला होता. ढग किती मागे होता ते मी सांगू शकत नाही, पण तो होता. नाहीतर या शब्दात ‘नेल’ कशाला?

संशयी : ‘नेल’ला दुसरे अर्थ आहेत म्हणून. डुलकीलाही ते नेलच म्हणतात, झोपेचा ढग. मनावरचं मळभही नेल. समाधी लागल्यासारखे डोळे मिटून बोलणारे कुठल्या समाजात नसतात? तुमचा नेलदोर कदाचित आभाळाकडे बघतच नव्हता. पेंगत होता.

शब्दवेडी : हे… हे चांगलं आहे. पुरावा नाही, पण चांगलं आहे.

संशयी : पुरावा नाही हे मी तुमच्याआधी म्हणतो. मला एवढंच दाखवायचं होतं की तेवढ्याच मालातून दुसरं दुकानही थाटता येतं.

शब्दवेडी : मग मुळाकडून शेपटीकडे या, तिथे दुकानं थाटता येत नाहीत. ‘नेलदोर’ला सगळे अस्सल गेलिक समजतात आणि ‘अस्त्रली’ला उपरा. पण ‘-ओर’ ही शेपटी लॅटिनमधून आलेली आहे. ख्रिस्ती मठांबरोबर ‘-तोर’ छापाचे शब्द आले आणि त्यांची शेपटी आयरिश शब्दांना डकवली गेली. म्हणजे ढग घरचा, शेपटी रोमची. आता ‘अस्त्रली’ बघा. तारा बाहेरचा, आणि शेवटची ‘-ई’ घरची. ‘श्केली’ म्हणजे कथेकरी, तीच ‘-ई’. पूर्वी तिथे मुकी अक्षरं लिहीत असत, विसाव्या शतकाच्या मध्यावर लेखनाचे नियम सोपे झाले तेव्हा ती गेली. तेव्हा सांगा, यांतला आयरिश कोण आणि पाहुणा कोण?

संशयी : ही फोड मला आवडली. पण ती तुम्हालाच महागात पडेल. शेपटी लॅटिन असेल तर ‘नेलदोर’ हा शब्द मठ आल्यानंतर घडला. मग साउनच्या रात्री टेकडीवर बसलेल्या, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या द्रुइदाचं हे नाव असूच शकत नाही. ते नाव त्याला लॅटिन शिकलेल्या माणसानं दिलं. आणि लॅटिन शिकलेले लोक काय करत, त्याचा नमुना जर्मनीत व्युर्झबुर्गला जपलेला आहे. आठव्या शतकातल्या एका आयरिश पंडितानं बायबलमधल्या पौलाच्या पत्रांवर टिपा लिहिल्या. मोशेला विरोध करणारे दोन जादूगार पत्रात येतात, तिथे तो लिहितो, इजिप्तचे दोन द्रुइद. इजिप्तमध्ये द्रुइद! हाताशी जो शब्द होता तो त्यानं डकवला. पायरोमॅन्टिकससमोर नेलदोर लिहिणाऱ्यानंही हेच केलं असणार.

शब्दवेडी : म्हणजे वर्तुळातून मला बाहेर काढायला तुम्हीच हात दिलात. तुम्ही आत्ता शब्दाच्या रूपावरून त्याचा काळ ठरवलात. शब्दात काही गोठत नाही म्हणाला होतात ना?

संशयी : शेपटीत गोठतं, असं दुरुस्त करतो. पोटात नाही.

शब्दवेडी : बरं. मग मी एक पाऊल मागे घेते. ‘नेलदोर’ द्रुइदांच्या तोंडचा शब्द नाही. तो मठातल्या कोणीतरी, जुन्या कोणा माणसाकडे बघून, नव्या शेपटीनं घडवला. पण बघितलं असेल ढगाकडेच.

संशयी : किंवा पुस्तकाकडे. हे लोक पुस्तकांचे वेडे होते. सेव्हिलचा इसिडोर ६३६ मध्ये वारला, त्याचा व्युत्पत्तीचा ग्रंथ आयर्लंडला इतक्या लवकर पोचला की त्यावर कथा झाली. त्यांच्या गुरांसाठीच्या लढाईचं जे महाकाव्य आहे, ‘तॉन’, ते कवी विसरले. का, तर कोणीतरी ते पूर्वेला नेऊन बदल्यात हा ग्रंथ घेतला होता! महाकाव्य देऊन व्युत्पत्तिकोश घेणारे लोक. तुमची माणसं.

शब्दवेडी : माझीच. आणि इसिडोरनं खगोल आणि ज्योतिष वेगळं करून दाखवलं होतं, ते या भाषेत आज शब्दांनीच वेगळं झालंय. खगोलशास्त्रज्ञ म्हणजे ‘रेल्तोली’. ‘रेल्ता’ तारा, ‘ओलस’ ज्ञान. सगळं घरचं. शास्त्राला घरचा शब्द आणि फलज्योतिषाला परका! आपल्याकडे उलट नाही, पण जवळचं आहे. ‘ज्योतिष’ घरात इतकं मुरलं की जोशी आडनाव झालं आणि खगोलासाठी लांबलचक ‘खगोलशास्त्रज्ञ’ बांधावा लागला. आडनावाच्या जोश्याला पत्रिका येत नाही, खगोलशास्त्रज्ञाला आडनाव होता येत नाही.

संशयी : पत्रिकेला काय म्हणतात?

शब्दवेडी : ‘तिश्मा’. आईबापाला ‘तिश्मिहोर’. एकाच जन्म देण्याच्या मुळातले. आपल्या जन्मपत्रिकेत जन्म आहे तसा. आणि आता पत्रिका ज्यावर काढतात त्या संगणकाला आयरिशमध्ये ‘रीवरे’ म्हणतात. जुना शब्द आहे. मठात ईस्टरची तारीख मोजणारा, तिथींचा हिशेब ठेवणारा, तो गणक. माणूस गेला, यंत्राला त्याचं नाव लागलं.

संशयी : यावर मी काही बोलत नाही. पण ‘अस्त्रली’ आला कुठून, ते तुम्ही टाळताय.

शब्दवेडी : मूळ ग्रीक-लॅटिन, पण त्या विद्येची वाट लांबची. १९१४ मध्ये मॉरा पॉवर यांनी एक मध्ययुगीन आयरिश खगोलपोथी छापली. तिचा बराच भाग माशाअल्लाच्या नावावरच्या ग्रंथाच्या लॅटिन रूपावरून घेतलेला. माशाअल्ला मूळचा बसऱ्याचा ज्यू ज्योतिषी. ७६२ मध्ये बगदादची पायाभरणी कोणत्या मुहूर्तावर करायची ते ठरवणाऱ्यांत तो होता. अरबीतून लॅटिन, लॅटिनमधून आयरिश. आणि पोचलं काय? ग्रहणं, पृथ्वीचा गोल, भरती-ओहोटी. ज्योतिष्याच्या नावावरचा ग्रंथ आला तो मुख्यतः खगोलाचा. मुहूर्त बगदादलाच राहिले.

संशयी : म्हणून आता कोशात ‘अस्त्रली’ आहे, व्याकरण सांभाळून, जिवंत माणसं मात्र राशिभविष्य इंग्रजीत वाचतात. असा शब्द जिवंत म्हणायचा का?

शब्दवेडी : भाषेनं त्याला हात लावलाय का ते बघा. मराठीत शब्द शेवटी वाकतो, घोडा, घोड्याला. आयरिश शब्द पुढूनही वाकतो. ‘अस्त्रली’ला ‘तो’ हे उपपद लावा, ‘अन् तस्त्रली’ होतं, एक त कुठून तरी येऊन चिकटतो. षष्ठीत तो त निघून जातो. अनेकवचनात ‘न हस्त्रलिहे’, आणि ‘त्या ज्योतिष्यांचा’ म्हणताना ‘न नस्त्रलिहे’. आता खरी गंमत. त्याचा, तिचा आणि त्यांचा, तिन्हीला आयरिशमध्ये एकच ‘अ’. त्याचा ज्योतिषी ‘अ अस्त्रली’. तिचा ‘अ हस्त्रली’. त्यांचा ‘अ नस्त्रली’. मालक कोण, हे मालकाच्या सर्वनामात नाही, ज्योतिष्याच्या तोंडावर लिहिलेलं आहे. ग्रीसमधून निघालेला शब्द इतक्या मुकाट्यानं हे सगळं अंगावर घेतो. त्याला परका कसं म्हणू?

संशयी : आणि ‘नेलदोर’?

शब्दवेडी : तो न नं सुरू होतो. त्याच्या तोंडाला काही चिकटत नाही. त्याचा, तिचा, त्यांचा, सगळ्यांचा ‘अ नेलदोर’. मागे मात्र वाकतो, षष्ठीत ‘नेलदोरा’.

संशयी : म्हणजे घरचा शब्द मालक सांगत नाही आणि पाहुणा सांगतो. बाई ज्योतिषी असली तर?

शब्दवेडी : तरी शब्द पुल्लिंगीच. त्यांच्याकडे ‘कॉलीन’ म्हणजे मुलगी, तोही शब्द व्याकरणात पुल्लिंगी. उपपदाला पुल्लिंग, सर्वनामाला मात्र ‘शी’, म्हणजे ती. हवं तर ‘बन’ पुढे जोडा. द्रुइद स्त्रीला ‘बनद्री’ म्हणतच.

संशयी : तर मग हिशेब करू. शेपटीवरून काळ कळतो, हे मी मान्य केलं. कथा आणि शब्द एकमेकांचे जामीन राहू शकत नाहीत, हे तुम्ही…

शब्दवेडी : अर्धं मान्य केलं. वहीतला शब्द उरतोच. ती वही लिहिणाऱ्यानं ‘पायरोमॅन्टिकस’समोर नेमका हाच शब्द का घातला? आग शब्दात दाखवणारा दुसरा शब्द घडवता आला असता. आगीला ‘तिने’ म्हणतात, शेपटी हाताशी होती.

संशयी : कारण त्याला मुलांना विभक्ती शिकवायच्या होत्या. अर्थाच्या जागी काहीतरी घालायचं होतं. तो पुढच्या ओळीकडे निघाला होता.

शब्दवेडी : आणि समोर बसलेल्या एखाद्या पोरानं विचारलं असेल तर? गुरुजी, आग कुठे आणि ढग कुठे?

संशयी : विचारलं असेल.

शब्दवेडी : उत्तर तेवढं कोणी उतरवून घेतलेलं नाही.